जुन्या गाडीत रिमोट स्टार्टर: युनिव्हर्सल किट घ्यावं का?

ऑटोमॅटिक गिअर, फ्युएल इंजेक्शन आणि धडधाकट बॅटरी या तिन्ही गोष्टी असतील, तर जुन्या गाडीला युनिव्हर्सल रिमोट स्टार्टर किट (लांबूनच रिमोटने इंजिन सुरू करणारं) बसवायला हरकत नाही. नीट बसवलं तर ते कुरकुर न करता वर्षानुवर्षं चालतं. गाडी कार्बोरेटरची असेल तर बऱ्याचदा निराशा पदरी पडेल. मॅन्युअल गिअरची असेल तर बसवू नका.

युनिव्हर्सल म्हणजे एखाद्या ठरावीक मॉडेलसाठी तयार प्लग नसलेलं किट. डब्यात मुख्य मॉड्यूल, जाड वायरींचं एक हार्नेस, बारीक वायरींचं दुसरं, दोन रिमोट, काचेला चिकटवायचा अँटेना, बॉनेटचा पिन स्विच आणि किट तात्पुरतं बंद ठेवायचं व्हॅले बटण निघतं. मॉड्यूलचं काम एका ओळीत सांगता येतं. चावी ज्या वायरींना ज्या क्रमाने करंट देते, त्याच वायरींना त्याच क्रमाने रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) करंट द्यायचा आणि इंजिन सुरू झालं की सेल्फ सोडायचा.

जुन्या गाडीत ना डेटा बस (गाडीतल्या कंप्यूटरांना जोडणारी वायर) असते, ना बहुतेक वेळा इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा), त्यामुळे वायरिंग खरोखर सोपं पडतं. अडचण वेगळी आहे. गाडीतले सुरक्षेचे स्विच शाबूत आहेत असं किट बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, आणि जुन्या गाडीत नेमके तेच झिजलेले, कुणीतरी बायपास केलेले किंवा मुळातच नसलेले सापडतात. म्हणून जाड वायरी जोडून इंजिन सुरू झालं म्हणजे काम झालं असं समजू नये. किट चांगलं ठरतं की धोक्याचं, हे बारीक वायरी कुठे जोडल्या यावर अवलंबून आहे.

आधी बॅटरी आणि सेल्फ

किट उघडण्याआधी मल्टिमीटर काढा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडी-इंजिनाशी जोडणी, तपासा. सेल्फ फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर धरा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट सैल आहे. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने १३.८ ते १४.५ व्होल्ट द्यायला हवेत.

एवढी तपासणी कशाला, गाडी चावीने तर सुरू होते, असं वाटेल. पण चावी हातात असते तेव्हा माणूस बरंच काही नकळत सांभाळून घेतो. सेल्फ जड फिरला की क्षणभर थांबतो, पुन्हा मारतो, हलकी रेस देतो. मॉड्यूल ठरलेले सेकंद सेल्फ फिरवतं, ठरलेल्या वेळा प्रयत्न करतं आणि तोवर बॅटरी बसते. थंडीत हे आणखी उघडं पडतं. बॅटरीवरचा कोल्ड क्रँकिंगचा आकडा उणे १८ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो, पण तो नव्या बॅटरीचा.

इग्निशन स्विचच्या वायरी ओळखणं

बॅटरीचं निगेटिव्ह काढून स्टीअरिंगखालचं कव्हर उतरवा. गाडीत एअरबॅग असेल तर निगेटिव्ह काढल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा आणि पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. स्विचच्या मागचा जुडगा मोकळा झाला की मोजमापासाठी बॅटरी पुन्हा जोडा. बल्बवाला टेस्ट लॅम्प इथे वापरू नये, तो करंट ओढतो. डिजिटल मल्टिमीटरच घ्या.

चावी कुठेही असली तरी १२ व्होल्ट देते ती बॅटरीची वायर. चावी ऑनवर आणि सेल्फ मारतानाही १२ व्होल्ट देते ती इग्निशनची. ॲक्सेसरी आणि ऑनवर जिवंत असते पण सेल्फ मारताना मरते ती ॲक्सेसरीची. फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती सेल्फची. प्रत्येक वायर चावीच्या चारही जागांवर मोजून कागदावर लिहून काढा. इग्निशन आणि ॲक्सेसरीतला फरक फक्त सेल्फ मारतानाच कळतो, त्यामुळे त्या जागेवरचं मोजमाप टाळून चालत नाही. इग्निशन म्हणून चुकून ॲक्सेसरीची वायर जोडली, तर सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन पेटत नाही.

काही जुन्या गाड्यांत थोडी मदत मिळते. जर्मन डिन ७२५५२ पद्धतीच्या गाड्यांत स्विचच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ५० म्हणजे सेल्फ. लुकासचं वायरिंग असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर बॅटरीची, पांढरी इग्निशनची, पांढऱ्यावर लाल रेघ असलेली सेल्फची. ही माहिती शोधायला उपयोगी आहे, खात्री मात्र मीटरनेच करायची. तीस वर्षांत मधली एखादी वायर कुणी हाताला लागेल त्या रंगाची घातली असेल, तर रंग पाहून जोडणारा फसतो.

दुसरी इग्निशन वायर शोधायला विसरू नका. बऱ्याच गाड्यांत हीटर-एसीचा ब्लोअर तिच्यावर चालतो. ती जोडली नाही तर इंजिन सुरू होतं, पण आत हवा गरम किंवा थंड होतच नाही, आणि मग रिमोट स्टार्टर घेतलाच कशाला! काही जुन्या टोयोटा आणि निस्सान गाड्यांत सेल्फच्याही दोन वायरी असतात. दोन्हींना करंट द्यावा लागतो आणि दुसरीसाठी वेगळा रिले घालावा लागतो.

जाड वायरी, फ्यूज आणि सेल्फचा रिले

किटसोबत चिमटा मारून जोडायचे प्लॅस्टिकचे कनेक्टर आले असतील तर ते टाकून द्या. इग्निशनच्या वायरींतून २० ते ३० अँपिअर सहज वाहतात आणि त्या कनेक्टरची पाती वायरीच्या मोजक्या तारांनाच टेकते. काही महिन्यांनी ती तापते, प्लॅस्टिक वितळतं आणि गाडी चालता चालता बंद पडते. वायरीवरचं आवरण दोन सेंटिमीटर सोलून, तारांच्या मधून दुसरी वायर ओवून, गुंडाळून, सोल्डर करून वर कापडी टेप लावा. जुन्या वायरीचं तांबं काळं पडलेलं असतं आणि त्यावर सोल्डर चढत नाही. बारीक सँडपेपरने चकचकीत करून घ्या. काळेपणा आवरणाखाली लांबवर गेला असेल तर वायरीचा तेवढा तुकडा बदला.

किटला बॅटरीच्या दोन जाड वायरी असतात, प्रत्येकीला साधारण ३० अँपिअरचा फ्यूज. नव्या गाडीत त्या स्विचच्या बॅटरी-वायरीला जोडतात. जुन्या गाडीत आमची पसंती थेट बॅटरीपासून नवी वायर ओढायला आहे: किमान ४ चौरस मिलिमीटर जाडीची, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज घातलेली आणि फायरवॉलमधून रबरी ग्रोमेट लावून आत घेतलेली. किटमधले फ्यूज होल्डर बऱ्याचदा हलके असतात, वायर त्यात सैल बसते. हा खर्च न वाचवता चांगला होल्डर घ्यावा. अर्थची वायर बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्याला, स्वतंत्र स्क्रूने लावा. डॅशबोर्डच्या ब्रॅकेटला लावलेल्या अर्थने रात्री लाइट लावल्यावर विचित्र वागणारी किटं पुष्कळ दिसतात.

आता सेल्फची वायर. इथे होणारी चूक सगळ्यात घातक, म्हणून सविस्तर. जुन्या सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) खेचला जाताना भरपूर करंट घेतो, काही सोलेनॉइड ३० अँपिअरच्याही वर. मॉड्यूलमधल्या छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट एवढ्या करंटने कालांतराने चिकटतात. चिकटले की इंजिन सुरू होऊनही सेल्फ सुटत नाही. यावर अनेक जण सोलेनॉइडजवळ ४० अँपिअरचा रिले लावून बॅटरीचा करंट सरळ सोलेनॉइडला देतात. रिलेची कल्पना बरोबर आहे, पण त्याला इशारा देणारी किटची वायर सरळ रिलेपर्यंत नेली तर न्यूट्रल सेफ्टी स्विच मधून वगळला जातो. तो स्विच इग्निशन स्विच आणि सोलेनॉइड यांच्या मध्ये बसलेला असतो. गिअर पार्क किंवा न्यूट्रलवर नसेल तर तो सेल्फचा करंट तोडतो. त्याला वळसा घातला की गाडी ड्राइव्हमध्ये असतानाही रिमोटने सुरू होऊन पुढे निघते.

बरोबर पद्धत अशी. किटची सेल्फ-वायर इग्निशन स्विचपाशीच, म्हणजे न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या अलीकडे जोडा. पलीकडे, सोलेनॉइडला जाणारी मूळ वायर सोलेनॉइडवरून काढून रिलेच्या ८६ नंबरच्या टोकाला लावा. ८५ अर्थला, ३० फ्यूजमधून बॅटरीला आणि ८७ सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टोकाला. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड आडवा लावा, पट्ट्याची बाजू ८६ कडे. या जोडणीत न्यूट्रल सेफ्टी स्विच कायम राहतो, त्याच्यावरचा आणि इग्निशन स्विचवरचा भार काही शे मिलिअँपिअरच्या आत येतो, आणि चावीने सुरू करतानाही सेल्फ जोरात फिरतो. जुन्या गाडीला रिमोट स्टार्टर नाही बसवला तरी एवढं काम करून घेण्यासारखं आहे.

इंजिन सुरू झालं हे कळतं कसं

सेल्फ केव्हा सोडायचा हे मॉड्यूल दोन रीतींनी ठरवतं. बहुतेक किटं कारखान्यातून बॅटरीच्या व्होल्टेजवर लावून येतात: इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर चार्ज करू लागतो, व्होल्टेज चढतं आणि मॉड्यूल सेल्फ सोडतं. बसवायला सोपं, एक वायर कमी. पण जुना अल्टरनेटर आयडलिंगला जेमतेम चार्ज करतो आणि बॅटरी उतरलेली असेल तर व्होल्टेज चढायला वेळ लागतो. मॉड्यूलला वाटतं इंजिन सुरू झालंच नाही, आणि ते चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारतं. तो करकर आवाज फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाल्ले जाण्याचा असतो.

म्हणून दुसरी रीत घ्या, टॅकची म्हणजे इंजिनाचा वेग सांगणारी वायर जोडाच. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत ती इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर मिळते. हर्ट्झ मोजणारा मीटर असेल तर खात्री चटकन होते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ७५० आरपीएमला सेकंदाला २५. मीटरने २५ च्या आसपास दाखवलं आणि रेस दिल्यावर आकडा चढला, की वायर बरोबर. त्या टोकावर काही शे व्होल्टचे झटके येतात, त्यामुळे किटच्या पुस्तिकेत मालिकेत रेझिस्टर सांगितला असेल तर तो गाळू नका. वायर स्पार्क प्लगच्या केबलींपासून लांबून न्या. इंजेक्शनच्या गाडीत एखाद्या इंजेक्टरची, इंजिनाच्या कंप्यूटरकडून स्विच होणारी वायर चालते. शेवटी पुस्तिकेतल्या पद्धतीने टॅक शिकवून घ्या: गाडी चावीने सुरू करून आयडलिंग स्थिर होऊ द्यायचं आणि मग बटण दाबायचं. चोकवर चढलेल्या आरपीएमला शिकवलं तर पुढे सेल्फ भलत्याच वेळी सुटतो.

बॉनेटचा पिन स्विच हा मेकॅनिकच्या बोटांचा विमा आहे. बॉनेट उघडं असताना तो अर्थ देतो आणि मॉड्यूल सुरू होत नाही. पाणी साचणाऱ्या पन्हाळीत तो लावू नका, आणि बॉनेट बंद झाल्यावर दांडा किमान ६ मिलिमीटर दाबला जातो याची खात्री करा. ब्रेकची वायर ब्रेक लाइटच्या स्विचवरून घ्या, पेडल दाबल्यावर १२ व्होल्ट देणारी. पेडल दाबताच इंजिन बंद झालं पाहिजे. ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला तर हे संरक्षणही जातं, हे लक्षात असू द्या.

कार्बोरेटर, बॅलास्ट आणि डिझेल

कार्बोरेटरच्या गाडीची अडचण वायरिंगची नाही. ऑटो-चोक लागायला एकदा पेडल दाबावं लागतं आणि त्याच दाबाने ॲक्सिलरेटर पंप पेट्रोलची पहिली पिचकारी मारतो. रिमोट स्टार्टरला पाय नाहीत. गाडी दोन-चार दिवस उभी असेल तर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. ते पुन्हा भरेपर्यंत सेल्फ बराच फिरवावा लागतो आणि किट तेवढा वेळ देत नाही. रोज चालणारी, इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवलेली आणि ट्यूनिंग नेमकं असलेली कार्बोरेटरची गाडी कदाचित साथ देईल. हाताने ओढायचा चोक असेल तर विषय तिथेच संपतो.

पॉइंटच्या (यांत्रिक कॉन्टॅक्टच्या) इग्निशनमध्ये कॉइलला बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टरमधून, करंट मिळतो आणि सेल्फ फिरताना त्याला वळसा घालून पूर्ण व्होल्टेज दिलं जातं. हा वळसा सोलेनॉइडवरूनच येत असेल तर काही करावं लागत नाही. पण जुन्या क्रायस्लर गाड्यांसारखी फक्त सेल्फच्या वेळी जिवंत होणारी वेगळी इग्निशन वायर असेल, तर तिला स्वतंत्र रिलेने करंट द्यावा लागतो. नाहीतर ऊन असताना गाडी सुरू होते आणि थंडीत होत नाही, आणि दोष किटवर येतो.

डिझेलला ग्लो प्लगचा (सुरू होण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) वेळ ठरवा. जुन्या प्री-चेंबर इंजिनाला १० ते १५ सेकंद लागू शकतात. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इग्निशन दिल्यावर पंपाला दाब धरायला दोन-तीन सेकंद द्या. दोन्ही सोयी चांगल्या किटच्या सेटिंगमध्ये असतात. विकत घेण्याआधी पुस्तिकेत त्या आहेत का ते पाहा.

मॅन्युअल गिअरला नकार का

मॅन्युअलसाठीची किटं एक युक्ती वापरतात. इंजिन चालू ठेवून, न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून चावी काढायची, उतरून दार लावायचं. मग मॉड्यूल इंजिन बंद करतं आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे असं लक्षात ठेवतं. नंतर दार उघडलं तर ती नोंद रद्द होते. म्हणजे सगळा भरवसा दाराच्या पिन स्विचवर आणि हँडब्रेकच्या स्विचवर. जुन्या गाडीत दाराचा स्विच गंजलेला असतो, हँडब्रेकचा दिवा केबल जेमतेम ताणली तरी लागतो, आणि काच खाली असेल तर दार न उघडताही गिअर टाकता येतो. क्लच न दाबता गिअरमध्ये सेल्फ मारलेली गाडी उडी घेते, आणि इंजिन पेटलं तर चालत राहते. समोर माणूस असेल तर तो चिरडला जाऊ शकतो. कोणतीही सोय या किमतीची नाही.

इमोबिलायझर असेल तर

युरोपात नव्या मोटारींना इमोबिलायझर ऑक्टोबर १९९८ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत किटसोबत बायपास मॉड्यूल (रिमोटने सुरू करताना इमोबिलायझरला वळसा घालणारं) लागेल असं धरून चाला. त्याआधीच्या गाड्यांतही अपवाद आहेत. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटपासून चावीत रेझिस्टर बसवला; त्याच्या १५ किमती होत्या, सुमारे ४०० ओहमपासून ११,८०० ओहमपर्यंत. अशी चावी मीटरने मोजून तेवढाच रेझिस्टर रिलेमार्फत, फक्त रिमोटने इंजिन चालू असतानाच सर्किटमध्ये येईल असा जोडतात. चिपच्या चावीसाठी दुसरी चावी डॅशबोर्डमध्ये लपवायची पद्धत आहे. त्याने चोराचं काम सोपं होतं. शक्य असेल तिथे चावी आत न ठेवता चालणारं बायपास मॉड्यूल घ्या.

जोडणीनंतरच्या चाचण्या

मोकळ्या जागेत, चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून. चावी ऑनवर ठेवा, सेल्फ मारू नका. ब्रेक दाबून गिअर ड्राइव्हमध्ये टाका, पाय पेडलवरून उचलून अगदी वर धरा आणि रिमोट दाबा. सेल्फ जराही फिरला तर लगेच ब्रेक दाबा, जोडणी नापास. काही जुन्या गाड्यांत न्यूट्रलचं बंधन विजेचं नसून चावीच्या यंत्रणेत असतं, आणि रिमोट स्टार्टर ते सहज ओलांडतो. अशा गाडीत गिअरच्या लिव्हरवर वेगळा स्विच बसवल्याशिवाय किट चालू ठेवू नका. मग बॉनेट उघडून रिमोट दाबा: सुरू होता कामा नये. इंजिन चालू असताना ब्रेक दाबा: बंद झालं पाहिजे. टॅकची वायर काढून पाहा: चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ मारला जाता कामा नये.

इंजिन चालू ठेवण्याची मुदत दहा मिनिटांवर आणा. जुन्या इंजिनाच्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल तर धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. बंद गॅरेजमध्ये, दार थोडं उघडं असलं तरी, रिमोट दाबू नये. मुलांच्या हाती लागेल अशा जागी रिमोट ठेवू नका, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी करायची तेव्हा व्हॅले बटणाने किट बंद करा. सुरू असलेल्या गाडीत बसल्यावर चावी घालून ऑनपर्यंतच फिरवायची, सेल्फपर्यंत नाही, आणि मगच ब्रेक दाबायचा; पहिले काही दिवस हात सवयीने पुढे जातो.

किटमागे एक सवय मात्र नव्याने लावून घ्यावी लागते. जी गाडी रिमोटने एका दमात सुरू होते पण चावीने कुरकुरते, तिचा इग्निशन स्विच झिजला आहे; मॉड्यूलचे रिले त्याला वळसा घालतात म्हणून दोष झाकला जातो. आठवड्यातून एकदा तरी गाडी चावीनेच सुरू करा. जोडलेल्या प्रत्येक वायरीचा रंग, जागा आणि फ्यूजचा आकडा लिहिलेला कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवा, पुढच्या इलेक्ट्रिशियनला तोच लागणार आहे.